विण्याच्या चालीनं

आळंदीहून निघालेली वारी पहिले दोन-तीन दिवस पायांचीच असते. सगळं लक्ष टाचेवर, करंगळीवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला. वारीत आनंद मिळतो म्हणतात ते खोटं नाही; पण पाय बिघडले की दिंडीतला सगळ्यात गोड गळाही कानात शिरत नाही. म्हणून मला कुणी वारीबद्दल विचारलं की मी आधी पायांचं सांगतो. भक्तिभावाचं मागाहून.

बूट किंवा चप्पल नवी नको, किमान दोन महिने रोज वापरून मऊ झालेली हवी. दिवसभर चालून पाऊल सुजतं, त्यामुळे बूट अर्ध्या नंबरानं मोठा घ्यावा आणि नखं सरळ, आखूड कापावीत. फोड नुसत्या घासण्यानं येत नाही, ओलं कातडं घासलं की येतो. आषाढाच्या तोंडावर ओल तर ठरलेलीच. मोज्यांचे तीन जोड ठेवावेत. एक पायात, एक कोरडा पिशवीत आणि एक पाठीवरच्या पिशवीला पिनेनं अडकवून वाळत. फोड येण्याआधी ती जागा बराच वेळ गरम लागते, चुरचुरते. खरी वेळ तीच. दिंडीतून दोन मिनिटं बाजूला व्हायचं, पाय पुसायचा, वाळू द्यायचा आणि त्या जागेवर कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या विसाव्याला फुटलेला असतो.

लहान फोडाला हात लावू नये. मोठा, ताणलेला आणि बुटात मावत नसलेला असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी काढावं. वरचं कातडं मात्र ओढून काढायचं नाही, तेच आतल्या जखमेचं पांघरूण असतं. मधुमेह असलेल्यांनी हे स्वतः करूच नये. वाटेवर आरोग्य पथकं असतात, तिथे दाखवावं. आणि रोज रात्री तळवे कुणाकडून तरी बॅटरीच्या उजेडात बघून घ्यावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसायला फार बरं वाटतं, पण दहा मिनिटं पुरेत. जास्त वेळ भिजलेलं कातडं दुसऱ्या दिवशी सोलतं. मांड्या घासतात त्यांनी पावडरीवर भिस्त ठेवू नये, घामानं तिचा लगदा होतो. पेट्रोलियम जेली सकाळी एकदा आणि दुपारच्या विसाव्याला एकदा.

आता चालीकडे येतो. दिंडी म्हणजे नुसता घोळका नव्हे. पुढे पताकाधारी, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग वीणा घेतलेला विणेकरी, ज्याच्या चालीनं दिंडी चालते, आणि त्यांच्या मागे तुळशी-हंडे डोक्यावर घेतलेल्या बाया आणि बाकीचा समाज. माऊलींच्या सोहळ्याला ही घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. शिंद्यांच्या दरबारी वावरलेला माणूस, त्यामुळे घडीत फौजेची शिस्त दिसते. गंमत अशी की त्या शिस्तीमुळेच चालणारा मोकळा होतो. कधी उठायचं, कधी थांबायचं, कुठे जेवायचं, आज किती चालायचं, यातलं काहीच तुम्ही ठरवत नाही. घरी आपण दिवसभर बारीकसारीक निर्णय घेत बसतो आणि संध्याकाळी कशानं थकलो हेही कळत नाही. वारीत शरीर कितीतरी जास्त दमतं, पण तो थकवा नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे आपोआप जाणवायला लागतं.

वेळही घड्याळानं कळत नाही, अभंगांनी कळते. पहाटे काकडा, चालायला लागल्यावर मंगलाचरण, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगळे या नावांचे अभंग, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, आणि उतरत्या दुपारी हरिपाठ. हा क्रम अंगात मुरला की ‘किती वाजले?’ आणि ‘अजून किती राहिलं?’ हे दोन्ही प्रश्न गळून पडतात. दुसरा प्रश्न जास्त त्रासदायक. पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात दिवे घाट. तिथे दर दहा मिनिटांनी मोबाईलवर अंतर बघणारा माणूस संध्याकाळी सगळ्यात आधी चिडलेला असतो. लोणंद ते तरडगाव जेमतेम ८ किलोमीटर, तरी चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण (दिंड्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात ते) आणि गर्दी धरून दिवस तिथेही पुरा जातो. अंतराचा आणि दिवसाचा हिशेब वारीत जुळतच नाही, तो सोडलेलाच बरा.

दिंडीत चालण्यापेक्षा थांबणं जड जातं, हे नवख्याला पटत नाही. चालताना पोटऱ्या आवळतात आणि खाली उतरलेलं रक्त वर ढकलतात. पालखीचा रथ थांबला, पुढची दिंडी अडकली आणि आपण नुसते उभे राहिलो की ते काम बंद पडतं; पाय जड होतात, कुणाला भोवळही येते. जुना टाळकरी थांबला तरी नुसता उभा नसतो, तो पावली खेळतो. दोन पावलं पुढे, दोन मागे, टाच उचलत. ती भक्ती आहेच, पण पोटऱ्यांची सोयही आहे. टाळ नसेल तर जागच्या जागी टाचा उचलाव्यात. थांबा लांबतोय असं दिसलं तर रस्त्याच्या कडेला बसून पाय पिशवीवर टाकावेत.

दिवे घाटात लहान पावलं टाकावीत, टाच पूर्ण टेकवावी. चवड्यावर चढणाऱ्याच्या पोटऱ्यांत वर पोचेपर्यंत गोळे येतात. बोलता येईल एवढाच दम लागावा. अभंगाचं चरण म्हणताना मध्येच तुटायला लागलं तर चाल जास्त झाली असं समजावं. याहून सोपं मोजमाप नाही. हा टप्पा बहुधा एकादशीला येतो, म्हणजे उपास. वाटेत साबुदाणा खिचडी भरपूर मिळते, पण भर दुपारी तुपातली खिचडी पोटभर खाऊन घाट चढणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, आणि थोडं थोडं, हे चालतं.

पाण्याचं गणित सोपं असून सगळ्यात जास्त चुकतं. तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा घोट. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ‘ऊन लागलं’ समजून आणखी पाणी पितो. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घालावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा. मीठ अंदाजानं जास्त टाकू नये. बायकांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. शौचालयाची खात्री नसते म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच टाळतात आणि दोन-तीन मुक्कामांत लघवीची जळजळ सुरू होते. पहाटे गर्दी होण्याआधी उठावं, फिरती शौचालयं तळाच्या कुठल्या बाजूला आहेत ते आदल्या संध्याकाळीच बघून ठेवावं, दोघी-तिघींनी मिळून जावं. पण पाणी तोडू नये.

खाण्याचं उलटं होतं. वाटेवर दर शंभर पावलांवर कुणी ना कुणी हात जोडून उभं: पोहे, केळी, चहा, राजगिरा, बिस्किटं. नाही म्हणायला जीव होत नाही. घेतलेलं सगळं खाल्लंच पाहिजे असं मात्र नाही. कपाळाला लावून मागच्या माऊलीला द्यावं, देणाऱ्यालाही त्याचं वाईट वाटत नाही. कापून ठेवलेली फळं, बर्फाचे गोळे, सकाळची चटणी एवढं टाळलं तर पोटाच्या बहुतेक तक्रारी येतच नाहीत.

टाळाचंही थोडं सांगतो, कारण मन जागेवर आणायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. नवशिका दोन्ही टाळ तोंडावर तोंड सपाट आपटतो. मधली हवा कोंडते आणि ‘थप्’ असा मेलेला आवाज येतो. एक टाळ किंचित खाली सरकवून कडेला कड भेटली पाहिजे, मग नाद लांबतो. दोरी बोटांना एक वेढा देऊन धरायची. बारीक दोरी तासाभरात बोट कापते, म्हणून तिला सुती चिंधी गुंडाळतात. जोर मनगटात, खांद्यात नाही. टाळ, पाऊल आणि चरण असं तिन्ही एकत्र पडायला लागलं की डोक्यात आणखी काही शिरायला जागाच उरत नाही. ध्यान कसं करायचं म्हणून विचारणाऱ्याला मी टाळाची जोडी देतो. ताल चुकला की शेजारचा लगेच बघतो, त्यामुळे मन भटकलंय हे फार वेळ लपत नाही.

दिंडीच्या पुढे निघून जाणाऱ्यांचा वेगळाच मेळा असतो, मोकळा समाज. पहाटे लवकर निघतात, ऊन चढायच्या आत मुक्कामाला. सावली मिळते, पाणी मिळतं, नळावर रांग नसते. म्हातारी माणसं आणि गुडघेदुखीवाले असे चालले तर शहाणपणच आहे. धडधाकट माणूस मात्र असा चालला की दुपारी बारापासून तंबूच्या जागेवर मोबाईल बघत पडलेला दिसतो. पोचला लवकर, पण वारी मागून येतेय.

मुक्कामाला तंबूत झोपताना उंचवट्याची बाजू बघावी आणि डोकं चढाकडे ठेवावं. पाऊस आला की पाणी अंगाखालून जातं ते सखलाकडे, आणि सतरंजीच्या खाली प्लास्टिक नसेल तर उरलेली रात्र बसून काढावी लागते. ट्रकमध्ये टाकायच्या पिशवीवर नाव आणि दिंडीचा क्रमांक मोठा लिहावा. तिथे सगळ्या पिशव्या एकसारख्याच दिसतात. कानात कापसाचे बोळे घालावेत, कारण घोरण्याला कुठलाच चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारा दंडधारी, गप्प करू शकत नाही.

बाकी सगळ्या आवाजाला मात्र करतो. समाज आरतीला सगळ्या दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, शेकडो टाळ एकदम वाजत असतात आणि चोपदार चांदीचा दंड वर उचलतो. एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकलं जातं आणि तिथेच निकाल लागतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात: चष्मा, पैशांचं पाकीट, टाळाची जोडी. उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. दिवसभराची कुरकुर रात्रीच्या आत मिटवायची ही रीत मला वारीतल्या कित्येक कीर्तनांपेक्षा मोलाची वाटते. दिंडीतही आम्ही तेच करतो. जेवायला बसायच्या आधी ज्याचं ज्याच्याशी वाजलं असेल तो त्याच्या पाया पडतो. आधी वयाचा प्रश्न येतो, मग येईनासा होतो.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. उतारावरून सगळे पळत सुटतात आणि एवढ्या दिवसांचे जायबंदी गुडघे नेमके तिथे दगा देतात. पळायचं असेल तर गुडघे किंचित वाकवून, लहान पावलांनी. शरीर मागे झोकून टाच आपटू नये. गुडघा आधीच दुखत असेल तर कडेनं चालत उतरावं, तरीही तो धावाच असतो. वाखरीहून पंढरपूर ५ किलोमीटरच, पण सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि पावलागणिक थांबावं लागतं. पोटऱ्यांचं वर सांगितलेलं सगळ्यात जास्त कामाला येतं ते इथे. एकादशीला पदस्पर्शाची रांग लांबच लांब असते. बरेच जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करून, नगरप्रदक्षिणा घालून, कळसाला हात जोडतात आणि समाधानानं मागे फिरतात. पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला झाला की वारी पुरी होते.

घरी आल्यावर पहिला आठवडा चालणं एकदम बंद करू नये, पाय आखडतात. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानं, फोन घरी ठेवून. अडचण एकच येते: पुढे विणेकरी नसतो, त्यामुळे चाल नकळत वाढत जाते आणि चालणंही एक उरकायचं काम होऊन बसतं. हरिपाठ म्हणत, टाळीवर पाऊल टाकत चाललं तर वेग आपोआप बसतो. सोबत कुणी असेल तर सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं आणि वळणावर त्याच्यापुढे जाऊ नये.