रविवारची गाणी कशी ठरवते

अचलपूरकडच्या गावांमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांत नव्यानं कीबोर्डावर बसलेली मुलं भेटली की हमखास विचारतात, "ताई, रविवारची गाणी कशावरून ठरवता जी?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच सांगते.

आधी पाळकांकडून शास्त्रपाठ मागून घ्या, शुक्रवारपर्यंत तरी. पाठ पश्चात्तापाचा आणि गाणं टाळ्यांचं, हे लगेच खटकतं. मग 'उपासना संगीत', म्हणजे आपलं मराठी गीतांचं पुस्तक, उघडा. पण गाणं आवडलं म्हणून लिहून टाकू नका. ते गाणार कोण, हे बघा. डिसेंबरात आमच्या बाया आठवडाभर कापूस वेचून रविवारी येतात. सकाळच्या उपासनेला त्यांचा गळा वर चढत नाही. म्हणून मी कुठल्याही चालीतला सगळ्यात वरचा स्वर आधी शोधते.

'ओल्ड हंड्रेड्थ' या जुन्या स्तोत्राची चाल घ्या. १५५१ सालच्या जिनीव्हाच्या स्तोत्रसंग्रहातली ही चाल 'सा सा नी ध प सा रे ग' अशी सुरू होते. खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत, एवढ्यातच सगळं गाणं. म्हणून तर ती लहानथोर सगळ्यांना पेलते. पण शेवटची ओळ थेट वरच्या पंचमावर उघडते, आणि थकलेला गळा नेमका तिथंच अडतो. पुस्तकात पट्टी, म्हणजे 'सा'ची जागा, पांढरी पाच असली तरी मी ती एक पट्टी खाली, पांढरी चारला घेते. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही. मंडळी गायली पाहिजे, हे पहिलं.

पियानोचा स्वर वाजल्याबरोबर विरायला लागतो, ऑर्गनचा बोट उचलेपर्यंत टिकतो. त्यामुळे संथ स्तोत्राला मी ऑर्गनचाच आवाज लावते आणि ठेक्याच्या गाण्याला पियानोचा. ऑर्गनवर ओळ संपली की हात उचलायचाच. तुम्ही श्वासाला जागा दिली नाही तर लोक ओळीच्या मधेच श्वास घेतात आणि दोन कडव्यांत गाणं मागं पडतं. लाइट गेली तर पेटी असतेच, तेव्हा निवडलेलं गाणं पेटीवर निभेल का, तेही बघून ठेवा.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंग-ओव्यांच्या वळणाच्या गीतांखाली मात्र कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, भरू नका. माझा या गीतांवर फार जीव आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या वळणाचं गाणं दिलं. डाव्या हातानं नुसते सा-प धरा, उजव्यानं चाल वाजवा, बाकी टाळ-ढोलकीवर सोडा. कॉर्डच्या भिंती उभ्या केल्या की त्यातली मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मरते.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पाठ असलेलंच गाणं. लोक पुढं येतात तेव्हा हातात पुस्तक नसतं.

क्वायरचं म्हणाल, तर चार आवाजांचा हट्ट धरू नका. आमची तरुण मुलं कामाला नागपूर-पुण्याला गेलीत, टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, आणायचा कुठून? दोन आवाज बसवा, पण शुद्ध बसवा. क्वायरचं खरं काम नवी चाल लोकांच्या कानात घालणं, हे आहे. नवं गाणं आधी दानाच्या वेळी क्वायरनं एकट्यानं गावं, लागोपाठ काही रविवार. मागच्या बाकांवरून कुणी सोबत गुणगुणायला लागलं, की पुढच्या रविवारी ते सगळ्या मंडळीला द्या, त्याआधी नको.