दत्तमत आणि भारित

पगार जमा झाल्याचा मेसेज न्यायाधीशांच्या फोनवरही येत असेलच. आपला पगार साहेबाच्या मर्जीवर थोडाफार तरी हलतो. त्यांचा हलू नये, याची सोय राज्यघटनेनं करून ठेवली आहे आणि ती सापडते अर्थसंकल्पाच्या रुक्ष पुस्तकात.

तिथं खर्चाचे दोन प्रकार असतात, दत्तमत आणि भारित. शाळा, रस्ते, पोलीस हा बहुतेक सगळा दत्तमत खर्च. त्याची मागणी सभागृहात येते, कुणी शंभर रुपयांची कपात सूचना देतो, मतदान होतं. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार भारित. अनुच्छेद 113 आणि 203 प्रमाणे त्यावर मतदानच नाही. निकाल कितीही झोंबला तरी ते शंभर रुपये कापायला वावच नाही. (तालुका-जिल्हा न्यायालयांच्या न्यायाधीशांचं नाव घटनेतल्या भारित खर्चाच्या यादीत नाही, हे जाता जाता.) उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार राज्याच्या निधीतून, पेन्शन मात्र केंद्राच्या. रजा, भत्ते, पेन्शनचे नियम नेमणुकीनंतर त्याच्या तोट्याचे करता येत नाहीत. वित्तीय आणीबाणीत पगार घटवता येतो, पण ती आजवर कधी पुकारलेलीच नाही.

एवढा बंदोबस्त केला आणि महागाई मागच्या दारानं आत आली. 1950 मध्ये पगाराचे आकडे थेट घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिले होते. सरन्यायाधीशांना 5,000 रुपये, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला 3,500. आकडा घटनेतच, म्हणजे कमी करायचा तर घटनादुरुस्ती हवी. पण वाढवायचा तरी तीच हवी! ती 54वी दुरुस्ती व्हायला 1986 उजाडलं. मधली 36 वर्षं कुणी एक पैसा कापला नाही, आणि त्या पाच हजारांत येणारं सामान मात्र दरसाल कमी होत गेलं. आता आकडा संसद साध्या कायद्यानं ठरवते; सरन्यायाधीशांना महिना 2 लाख 80 हजार. वाढ वेळेवर मिळते, पण वाढ द्यायची की नाही हे पुन्हा संसदेच्याच हातात. माझ्या मते हा सौदा वाईट नाही.

खरी फट पुढं आहे. सर्वोच्च न्यायालयात 65व्या वर्षी, उच्च न्यायालयात 62व्या वर्षी निवृत्ती. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्याला देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करता येत नाही; आयोगाचं अध्यक्षपद, राज्यपालपद, राज्यसभेचं सदस्यत्व यांना मात्र घटनेची आडकाठी नाही. तिथला मानधनाचा आकडा ठरलेला असतो. नेमणुकीचं पत्र कुणाला द्यायचं, ते बहुतेकदा सरकार ठरवतं.