तुम्ही विचारलंत म्हणून : तीनशे पंधरात दारू किती?

लग्नाच्या पंगतीत, तेराव्याला, नाहीतर सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना कुणीतरी हळूच बाजूला घेतं. "काका, तुम्ही अमेरिकेत काडतुसं भरायचात म्हणे. आमच्या आजोबांची तीनशे पंधरा रायफल घरात पडून आहे. काडतूस वेळेला मिळत नाही, मिळालं तर महाग. बार झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत. त्यात बंदुकीची दारू किती घालायची तेवढं सांगा की."

मी सांगत नाही. मग माणूस म्हणतो, काकांना शिष्टपणा आलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

कायद्याचं आधी उरकतो. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ बंदुकीइतकंच काडतुसालाही लागू आहे. बंदूक बाळगायचा परवाना तुमच्याकडे असेल, पण काडतूस बनवायचा परवाना ही निराळी गोष्ट, आणि ती तुमच्याकडे नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. मी अमेरिकेत जे केलं ते तिथे स्वतःच्या वापरापुरतं बिनपरवाना चालतं. इथे परतल्यावर मी दारूच्या एका कणालाही हात लावलेला नाही.

पण उद्या कायद्याने मुभा दिली तरी मी आकडा सांगणार नाही. कारण तुम्ही जो आकडा मागताय तो अस्तित्वातच नाही.

आमच्याही घरात तीनशे पंधरा होती, वडिलांच्या मामांची. ईशापूरच्या कारखान्याची रायफल, खडकीची काडतुसं. नान्नजच्या माळावर काळवीट मारल्याच्या त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि गोष्टी संपल्या. पुढे १९७९ साली त्याच माळावर माळढोकाचं अभयारण्य झालं. मामांची रायफल त्यानंतर दोनदाच कपाटाबाहेर यायची. खंडेनवमीला झेंडूची माळ घालायला, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला.

हे काडतूस आपल्याकडे का, त्याचीही गंमत आहे. पॉइंट ३०३ लष्कराचं, म्हणून इंग्रज सरकारने ते सामान्य माणसाच्या हाती पडू दिलं नाही. मग परवानाधारकांसाठी ८ मिलिमीटरचं ऑस्ट्रियन काडतूस चाललं. मूळचं मानलिखर रायफलीचं, ८×५० (म्हणजे पुंगळी ५० मिलिमीटर लांब), कडेला ओठ असलेलं. ८ मिलिमीटर म्हणजे इंचात पॉइंट ३१५. झालं आपलं तीनशे पंधरा. गावोगावच्या पाटील-देशमुखांच्या कपाटात ते आहे, आणि जगात इतरत्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

हे मला कळलं ओहायोत. मी तिथे एका टूलरूममध्ये अकरा वर्षं काढली. माझ्या शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवर एक म्हातारा होता, कमी बोलायचा, काम मात्र अर्ध्या थाऊच्या आत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याने एक दिवस मला त्याची जुनी ऑस्ट्रियन कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, दाखवली. दुकानात हिची काडतुसं मिळत नाहीत, भरून घ्यावी लागतात, असं म्हणाला. मी बघितलं आणि उडालोच. हे तर आमच्या मामांचं काडतूस! मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, ८×५०, मला माहीत आहे.

म्हातारा म्हणाला, "माहीत आहे म्हणू नकोस. मापलंय का?"

मापलं नव्हतं. आणि तिथेच मेख होती. १९३०च्या दशकात या ऑस्ट्रियन रायफलींपैकी बहुतेक लांब ८×५६ काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. त्या काडतुसाची गोळीही जाड, पॉइंट ३२९च्या आसपास. मूळ ८×५०ची गोळी पॉइंट ३२३ (नावातलं ३१५ हे नळीचं माप, गोळी त्याहून जरा जाड असते). बाहेरून दोन्ही रायफली भावंडं. सहा थाऊ म्हणजे दोन-तीन केसांची जाडी, पण जाड गोळी बारीक नळीत घातली की दाब कुठे जाईल ते देवाला माहीत.

मग मापायचं कसं? चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, आत व्हर्नियर जात नाही. त्यासाठी एक मिश्रधातू मिळतो, बिस्मथचा, ७० ते ८८ अंशांत वितळणारा. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी उष्णतेवर. नळीत पुढच्या बाजूला कापडाचा बोळा बसवायचा, चेंबर कोरडं पुसायचं, आणि मागून हा रस ओतायचा. मिनिटभरात तो दुधाच्या सायीसारखा निस्तेज होतो. थोडा निवला की पुढून काठीने हलकेच ढकलायचा. चेंबरचा हुबेहूब साचा हातात येतो, चंदेरी, कडेच्या ओठापासून नळीतल्या पीळदार आट्यांपर्यंत सगळं उमटलेलं. मी लगेच मायक्रोमीटर लावायला गेलो तर म्हाताऱ्याने हात धरला. हा धातू पहिला अर्धा तास आकसतो, मग परत फुगू लागतो, आणि ओतल्यापासून तासाभराने बरोबर चेंबरच्या मापावर येतो. नंतर आणखी थोडा वाढतो. म्हणून तासाने मापायचं, ना आधी ना नंतर. तो तास आम्ही घड्याळाकडे बघत कॉफी पिण्यात घालवला.

माप ८×५०चंच निघालं. नळीतून शिशाची मऊ गोळी ठोकून काढली, तीही पॉइंट ३२३ला जुळली. म्हणजे मी बरोबर होतो. म्हाताऱ्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुंगळ्या तयार मिळत नव्हत्या. रशियन ७.६२×५४च्या पुंगळीचा बूड जवळपास तसाच असतो, ती घेऊन डायमध्ये दाबून आणि तोंडाशी कापून बनवल्या. आता लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दोन कारखान्यांच्या पुंगळ्या बाहेरून तंतोतंत सारख्या असतात, पण एकीची भिंत जाड, एकीची पातळ. म्हणजे आतली जागा वेगळी. आम्ही पुंगळीत काठोकाठ पाणी भरून वजन करायचो. जागा कमी असेल तर तीच दारू जास्त दाब देते. तेव्हा "पुंगळीत किती घालायची" याला "कुठल्या पुंगळीत" हा उलट प्रश्न लागतो. मग कुठली दारू, कुठली गोळी, किती खोल बसवलेली, दारू पेटवणारी टोपी कुठली, कुठली नळी.

आणि दाब म्हणजे केवढा? ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब ८ बार असतो (बार हे इथे दाबाचं माप). रायफलीच्या चेंबरमध्ये गोळी सुटते तेव्हा ३,०००च्या घरात. तेही तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर.

लोकांच्या डोक्यात दारू म्हटलं की गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम असतं. होम मैदानावरची ती काळी दारू. कोंडली तर तीही फुटते, पण दाबाने तिच्या जळण्याच्या वेगात त्या मानाने कमी फरक पडतो. रायफलीची बिनधुराची दारू वेगळी आहे. उघड्या बशीत पेटवली तर कागदासारखी फुरफुरते. पण कोंडली की दाबाने तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेगाने दाब वाढतो, दाबाने परत वेग. म्हणून शेवटच्या टप्प्यात चिमूटभराने होणारा फरक चिमूटभर राहत नाही. "थोडी कमी घालू, म्हणजे धोका नाही," असंही नाही. फार कमी घातली तर गोळी नळीत अडकते, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. काही संथ जळणाऱ्या दारू तर फार कमी भरल्यावरच बिथरतात.

म्हाताऱ्याकडे या काडतुसाची तीन पुस्तकं होती. तिघांचे आकडे तीन. प्रत्येकाने आपापल्या नळीत, आपापल्या पुंगळ्यांनी केलेली मापं ती. आम्ही तिन्ही कमाल आकड्यांतला सगळ्यात कमी तो घेतला, आणि सुरुवात त्याच पुस्तकाने दिलेल्या किमान आकड्यावरून. तिथून अर्धा-अर्धा ग्रेन वर.

ग्रेन म्हणजे काय ते सोलापूरच्या सराफाला विचारा. जुना तोळा १८० ग्रेनचा. आमचा तराजू दशांश ग्रेन दाखवायचा, म्हणजे तोळ्याचा अठराशेवा भाग. सराफ तराजूला काचेची पेटी का करतात ते मला म्हाताऱ्याच्या तळघरात कळलं. डिसेंबर होता. मी वीस काडतुसं भरून ओळीने लावली आणि मान वर केली तर तराजूची दांडी रिकामीच हलतेय. वर हीटरची झडप उघडली होती, गरम हवेची झुळूक थेट पारड्यावर. कधी उघडली? पहिल्या काडतुसाआधी की एकोणिसाव्यानंतर? सांगता येईना. म्हाताऱ्याने काही न बोलता हातोडीसारखं ते गोळी काढायचं अवजार माझ्यापुढे ठेवलं. वीसच्या वीस ठोकून सोडवली, दारू बागेत पसरून टाकली. रात्रीचे साडेअकरा वाजले. त्या दिवसापासून टेबलावर एकच डबा, एकच माणूस, आणि रेडिओ बंद.

बार करताना दर टप्प्याला तीन काडतुसं, दर बाराला गोळीचा वेग यंत्रावर, वहीत नोंद. बार झालेली टोपी चपटी झाली का बघतात, पण ती खूण उशिरा येते. ती दिसेपर्यंत तुम्ही सीमा ओलांडलेली असते. वेग आधी बोलतो. पुस्तकापेक्षा जास्त वेग फुकट मिळाला असं वाटलं तर तो फुकट नसतो, दाबाच्या खात्यावर उधार असतो. शिवाय या कार्बाइनचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) सरळ मागे ओढायचा. आपल्या ईशापूरच्या रायफलीत दांडा वर उचलताना पुंगळी आधी सैल होते, तशी सोय त्यात नाही. जराशी घट्ट झाली की हाताला कळतं. आठव्या टप्प्याला पुंगळी किंचित अडली. एकदाच. पुस्तकाच्या कमालीला अजून दोन टप्पे बाकी होते. म्हाताऱ्याने वही मिटली आणि दोन टप्पे खाली येऊन थांबला. मी म्हटलं, एकदा परत बघू या का? तो रायफल पिशवीत भरत होता.

हे सगळं झालं शून्याच्या खाली सहा अंशांत. बऱ्याचशा दारूंचा दाब उन्हाने चढतो. तोच काटेकोर मोजलेला आकडा मी वहीत घालून सोलापुरात आणला, आणि मे महिन्यात ४३ अंशांत तुमच्या जीपच्या डॅशबोर्डवर ती काडतुसं तासभर तापली, तर माझी ओहायोची वही काय कामाची?

परवा एक पोरगा आला, जुळे सोलापुरातला, इंजिनिअरिंगला आहे. तोच प्रश्न. मी कपाटातून तो चंदेरी साचा काढून त्याच्या हातात दिला, मायक्रोमीटर दिला, आणि साच्याच्या मानेचं, म्हणजे पुंगळी तोंडाशी अरुंद होते तिथलं, माप घे म्हटलं. त्याने घेतलं. मग वहीत बघितलं, ओहायोतलं माप तिथे लिहिलेलं आहे. परत घेतलं. परत वही बघितली.

"काका, हे थोडं जास्त येतंय."

"येणारच."

"मग खरं कुठलं धरायचं?"

मी आत चहा सांगितला.