१.०२० वर अडून बसलेली एल

घरी एल (बिअरचा एक प्रकार) बनवत होतो आणि सलग चार दिवस घनतेचा एकच आकडा: १.०२०. हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचेची नळी) भिंतीवर आपटायचाच काय तो बाकी होता.

माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६६ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवलं, गाळलं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळलं. ही सगळी कामं एका दुपारी बिनबोभाट उरकली. वीस लिटर वॉर्ट (माल्टचं गोड पाणी), सुरुवातीची घनता १.०४८, त्यात ११ ग्रॅम कोरडं यीस्ट. दुसऱ्या दिवशी एअरलॉकची (पिंपाच्या झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी झडप) गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू येत होती. सहाव्या दिवशी चिडीचूप.

चिडीचूप म्हणजे झालं काम, असं मी धरून चाललो आणि बाटल्या धुऊन उपड्या घातल्या. नमुना काढला तर १.०२०. साखर आंबत जाते तशी घनता उतरते; यायला हवं होतं १.०१२च्या आसपास. चाखून पाहिलं, तर चक्क पाक.

मग मी दिवसातून दोनदा मोजत सुटलो. हा निव्वळ वेडेपणा. दरवेळी शंभरेक मिली एल जाते आणि झाकण उघडलं की जंतूंना आमंत्रण. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, आकडा चढा दिसतो, म्हणून ती गरकन फिरवून बुडबुडे झटकले. तरी १.०२०च.

"भर की आता, किती दिवस बघत बसणार?" घरातून टोमणा. भरणारही होतो. पण उरलेली साखर बंद बाटलीत आंबली की वायूला वाट मिळत नाही आणि बाटल्या फुटतात. काचा वेचायची हौस नव्हती.

खोली २० अंशांवर होती म्हणून मी निर्धास्त. शेवटी पिंपाच्या अंगाला थर्मामीटरची पट्टी लावली: १५! पिंप थेट गार फरशीवर. यीस्ट जोरात असतं तेव्हा स्वतःच ऊब धरतं. जोर ओसरला, फरशीने उरलीसुरली ऊब ओढून घेतली आणि यीस्ट तळाशी जाऊन झोपलं.

पिंप फळीवर चढवलं, रजई गुंडाळली, २१ अंशांवर आणलं आणि हलकेच गोल हिंदकळवलं. ढवळू नका, या टप्प्यावर हवा मिसळली तर पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. दुसऱ्या संध्याकाळी एअरलॉकमध्ये एक बुडबुडा. मी खुर्ची ओढून दुसऱ्याची वाट बघत बसलो.

चार दिवसांनी १.०१३, आणखी तीन दिवसांनीही १.०१३. सारखे आकडे आले की आंबणं संपलं, असं सांगतात. माझे १.०२०लाही सारखेच येत होते! आकडा थांबलेला हवा आणि अपेक्षेच्या जवळही हवा.

हो, वर राहिलंच: वॉर्ट २० अंशांपर्यंत उतरल्यावरच यीस्ट घाला, आणि उकळीनंतर वॉर्टला ज्या ज्या वस्तूचा स्पर्श होईल ती आधी निर्जंतुक करा.

फेसापुरती, लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. मद्यार्क सुमारे ४.६ टक्के. दोन आठवडे थांबायचं होतं. पाचव्या दिवशी एक उघडलीच. सपक निघाली. तरी संपवली.