आमची वाटचाल: चेहरा आधी, कापड नंतर

तोक्योत जुन्या वस्तूंचा धंदा करायचा तर आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. चोरीचा माल बाजारात फिरू नये म्हणून परवाना लागतो. अर्ज पोलिसांकडे, फी १९,००० येन. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो होतो. कायमचं वास्तव्य मिळाल्यावर मी हा परवाना काढला आणि जुन्या किमोनोंचे तुकडे विकायला लागले. गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईच्या, हौसेने गोधड्या शिवणाऱ्या बायका.

ओशिए, म्हणजे आत कापूस भरून फुगवलेल्या कापडी तुकड्यांचं चित्र, आमच्याकडे आलं ते अशाच कापडाच्या एका गठ्ठ्यातून. तळाशी एक हागोइता होती, म्हणजे नव्या वर्षाच्या खेळातली लाकडी फळी. तिच्यावर कापसाने फुगवलेली नर्तकी, खांद्यावर जांभळ्या फुलांची फांदी. सोबत त्या खेळातलं पिसं लावलेलं फूल, म्हणजे शटलकॉक, होतं. आईने व्हिडिओ कॉलवर त्याची काळी बी बघितली आणि म्हणाली, "अगं, हा तर रिठा!" खरंच, ती बी रिठ्याच्याच जातीची असते.

ओशिएचं काम दिसतं सोपं. चित्राचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा पुठ्ठा कापायचा, वर कापूस ठेवून रेशमी कापड ओढायचं आणि कडा मागे वळवून तापवलेल्या 'कोते'ने, म्हणजे बारीक इस्त्रीने, चिकटवायच्या. मग सगळे भाग मागून जोडायचे. एका बाहीला चार-चार पदर, प्रत्येकाची कड जेमतेम सुतभर दिसणारी. चेहऱ्याचा कारागीर मात्र वेगळा. शिंपल्याच्या पांढऱ्या भुकटीचा थर देऊन तो डोळे-ओठ रेखतो. १९व्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, काबुकी नटांच्या चेहऱ्यांच्या हागोइतांचं वेड पसरलं ते या हातामुळेच. लोक आपल्या लाडक्या नटाचा चेहरा घरी नेत होते. आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात १७ ते १९ डिसेंबरला आजही हागोइतांचा बाजार भरतो. मोठी फळी विकली गेली की दुकानदार तालात टाळ्या वाजवतात. घरात मुलगी जन्मली की तिच्या पहिल्या नव्या वर्षाला हागोइता द्यायची रीत आहे, त्यामुळे गर्दीत आजी-आजोबा फार.

आमचा माल त्या बाजारातला नव्हे. आम्ही जातो सेतागायाच्या बोरोइचीला (हा बाजार १५७८ पासूनचा) आणि यूराकुचोच्या रविवारच्या अँटिक बाजारात. जुना तुकडा हातात आला की मी आधी चेहरा बघते. कापड विटलं, फाटलं तरी चालतं. चेहऱ्यावर कुणी नंतर ब्रश फिरवला असेल तर पुढे जाते. मग फळी उलटते. युद्धानंतर परदेशी लोकांसाठी फ्रेममधल्या गेइशा खूप बनल्या, त्यात बऱ्याचदा रेयॉन असतो. मागचा सुटलेला धागा घरी आणून जाळला की कळतं: रेशमाला जळक्या केसांचा वास, रेयॉनला कागदाचा. पैठणी घेताना आपल्याकडच्या बायका हेच करतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही. कधी मागे वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. त्यावर सम्राटाच्या काळावरून मोजलेलं जपानी वर्ष असतं. शोवा ३१ दिसलं की मिळवा १९२५, झालं १९५६. अर्थात कागद तेव्हाचा, एवढंच त्यावरून ठरतं.

कोविडमध्ये बाजार बंद पडले आणि घरातला साठाच विकावा लागला. तेव्हा साठवणीचा जाच कळला. पिठाच्या खळीवर कसर तुटून पडते. म्हणून डब्यात एकतर कापूर, नाहीतर डांबराच्या गोळ्या. दोन्ही एकत्र नकोत. त्या एकमेकींच्या संगतीने वितळतात आणि रेशमावर डाग पडतो. प्रत्येक पार्सलात ही चिठ्ठी जाते.

आजही आम्ही दोघंच. फोनवर नेहमीची मागणी, "ताई, चेहरा जरा उजळवून द्या ना." देत नाही. काय झिजलंय, कुठे डाग आहे, ते फोटोसकट आधीच सांगतो आणि किंमत त्या हिशेबाने लावतो. नवंकोरंच हवं असेल त्यांना सरळ तोक्योजवळच्या कासुकाबेचा पत्ता देतो. शिन-चॅन कार्टूनमुळे आपल्या पोरांनाही हे गाव ठाऊक आहे. युद्धाच्या काळात आसाकुसाचे कारागीर तिकडे गेले आणि तिथे हे काम अजून चालतं. २०१९ मध्ये एदो ओशिएला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जाही मिळाला. त्या विक्रीत आमचं कमिशन नाही, हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही.