गीतांचं पुस्तक

रविवार, रात्री साडेदहा

आज चर्चमध्ये त्या बाईच्या हातातलं गीतांचं पुस्तक मी काढून घेतलं. हिसकावलं नाही. हळूच घेतलं, हसून. "ये मराठी में है, आपको समझेगा नहीं. हिंदी उपासना शाम को होती है." तिने लगेच दिलं. नवऱ्याने पोराला कडेवर घेतलं आणि तिघंही बाहेर पडली. आत दुसरं गीत सुरू झालं होतं.

मला वाटलं, सोय केली त्यांची.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "ते रांचीचे लोक गेले का?" एवढंच. दिवसभर मला तेच लागून राहिलं. बावीस वर्षं त्या दारात उभी राहतेय मी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खुर्ची टाकून बसले. प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटे पाचला कांदे चिरायला कोण असतं? आईंच्या दुखण्यातसुद्धा एक रविवार... जाऊ दे ते.

पाळकसाहेबांचं नाहीच मुळी. त्या बाईचं बोट डोळ्यांसमोरून हलत नाहीये. मी जवळ गेले तेव्हा ती ओळीखालून बोट फिरवत वाचत होती. नखाला हळदीचा डाग होता. हिंदी वाचणारीला आमचं अक्षर काय परकं? रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतातलं देव, प्रेम, कृपा यातलं काय समजत नव्हतं तिला? ओठ हलत होते. मी पाहिलं होतं ते. पाहून मग पुस्तक घेतलं.

आल्या आल्या तिने "यीशु सहाय" म्हटलं, मी "सलाम" म्हटलं. नवरा म्हणाला, गोस्सनर कलीसिया, म्हणजे त्यांची मंडळी. ते मिशन रांचीला आलं 1845 मध्ये, आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये. म्हणजे चौदा वर्षांची काय ती थोरवी आमची! आणि मी तिला नवखी समजले.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, सोवळं त्यांचंही एका दिवसात सुटलं नाही. ब्राह्मणाघरचे ते, आणि गावकुसाबाहेरून आलेले आमचे पणजोबा, एकाच मंडळीचे झाले. पणजोबांच्या हातातून आयुष्यभर कोणी कोणी काय काय काढून घेतलं असेल. हसूनसुद्धा घेतलं असेल.

मघाशी बायबलमधली प्रेषितांची कृत्यं काढून बसले. तेरावा अध्याय, अंत्युखियाची मंडळी: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन, शौल. कुठले कुठले लोक, पण उपास एकत्र, प्रार्थना एकत्र. कोणाला संध्याकाळी या म्हटल्याचं लिहिलेलं नाही.

झालं ते झालं. रडून काही ते परत येत नाहीत, आणि दार सोडून घरी बसण्यातही अर्थ नाही. पुढच्या रविवारी उभी राहणारच मी. ते पुस्तक पिशवीत घालून घरी आणलंय, पान दुमडून ठेवलंय. हिंदी उपासनेलाही जाऊन बघेन संध्याकाळची, कधी गेलेच नाही मी तिला.

एमआयडीसीकडे राहतात म्हणे. मधल्या आळीतला रिक्षावाला ओळखत असेल, पण त्याला सांगू काय? नाव विचारलंच नाही मी तिचं.