पंचावन्न मिनिटांचे सिनेमे : आमची वाटचाल

मंडळाच्या गणपतीत नव्याने ओळख झालेला माणूस हमखास विचारतो, "तुम्ही काय करता?" मी सांगतो, १९३० आणि ४० च्या दशकांतले कमी खर्चात काढलेले काऊबॉयचे सिनेमे विकतो, आधी कॅसेटवर विकायचो, आता डिस्कवर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "त्यावर घर चालतं?" चालतं. दोन्ही मुलांची शिक्षणं त्यावर झाली, आणि आम्हा नवरा-बायकोखेरीज आणखी दोन माणसांचे पगार त्यातून निघतात. हे कसं जमलं, आणि हे सिनेमे घेतं तरी कोण, ते एकदा मराठीत नीट लिहायचं होतं.

आमचं दुकान लॉस एंजेलिसच्या वायव्य टोकाला, चॅट्सवर्थमध्ये आहे. गावाच्या वरच्या अंगाला वालुकाश्माच्या टेकड्या आहेत. तिथे आयव्हरसन कुटुंबाचं रँच होतं आणि ते सिनेमावाल्यांना भाड्याने मिळायचं. हॉलिवूडहून सकाळी घोडे, कॅमेरा आणि माणसं गाडीत घालून निघायचं, दिवसभर पाठलाग आणि गोळीबार चित्रित करायचा, संध्याकाळी परत. मुक्कामाचा खर्च नाही. १९६० च्या दशकात त्या रँचमधून ११८ नंबरचा हायवे गेला आणि दोन्ही बाजूंना घरं झाली. पण 'गार्डन ऑफ द गॉड्स' म्हणून ओळखला जाणारा खडकांचा भाग लोकांसाठी राखून ठेवलाय.

हे सिनेमे म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. मोठ्या स्टुडिओंच्या सावलीत हॉलिवूडमध्ये छोट्या कंपन्या होत्या : मोनोग्राम, मॅस्कॉट, पुढे पीआरसी. १९३५ साली हर्बर्ट येट्सने अशा काही कंपन्या एकत्र करून रिपब्लिक उभी केली. या मंडळींचा हिशेब सरळ होता. मोठ्या सिनेमाच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असायचा. हा छोटा सिनेमा मात्र थिएटरला ठरावीक भाड्याने जायचा. तो कितीही चालला तरी मिळायचे तेवढेच पैसे मिळायचे. म्हणून खर्चही आधीच बांधलेला. १९३३ ते ३५ मध्ये जॉन वेनने मोनोग्रामसाठी 'लोन स्टार'च्या नावाखाली सोळा सिनेमे केले. एकेक साधारण आठवड्याभरात उरकलेला, लांबी पन्नास-पंचावन्न मिनिटं, खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात.

एवढ्या पैशांत सेट उभारता येत नाही, म्हणून ही माणसं बाहेर गेली, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. पडद्यावर दिसतो तो डोंगर खरा, धूळ खरी, घोडा खरा आणि घोड्यावरून पडणारा माणूस खरा. त्या पडणाऱ्यांत याकिमा कनट नावाचा एक गडी होता. एका सिनेमात तो खलनायक व्हायचा, आणि त्याच सिनेमात जॉन वेनच्या जागी घोड्यावरून उडीही मारायचा. दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीच्या हाताखाली या दोघांनी मारामारीची एक पद्धत बसवली : ठोसा तोंडाजवळून जाऊ द्यायचा आणि कॅमेरा अशा कोनात लावायचा की तो बसल्यासारखा दिसावा. पुढे सगळ्या जगाने ती उचलली. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या मधोमध खाली पडून अंगावरून गाडी जाऊ देणारा माणूस हाच. १९६७ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं. त्याचं शिक्षण या आठवड्याभराच्या सिनेमांत झालं होतं.

मी परळचा. आमच्या लहानपणी राजकमल स्टुडिओच्या भिंतीवरून वाकून पाहणं हा उद्योगच होता. वडील सांगायचे, शांतारामबापूंनी १९४२ साली ही जागा घेतली, त्याआधी इथे वाडिया मूव्हीटोन होतं. नाडियाचा 'हंटरवाली' इथलाच, १९३५ चा. गिरणीतून सुटलेला कामगार नाडियाचा घोडा आणि चाबूक पाहायला थेटरात गर्दी करायचा. वडिलांनी त्या सिनेमातल्या उड्या इतक्यांदा रंगवून सांगितल्या होत्या की चॅट्सवर्थला पहिल्यांदा एक काऊबॉयपट पाहिला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

दुकान सुरू केलं ते साध्या व्हिडिओ लायब्ररीचं. ऐंशीचं दशक होतं, दर दोन चौकांमागे एक लायब्ररी. देशी गिऱ्हाइकांसाठी हिंदी सिनेमे, बाकीच्यांसाठी इंग्रजी, आणि एका कोपऱ्यात जुने वेस्टर्न. मग मोठ्या साखळी दुकानांनी गावात बस्तान मांडलं. नव्या सिनेमाच्या पन्नास-पन्नास प्रती त्यांच्याकडे, आमच्याकडे दोन. भाड्याचा धंदा बसायला लागला. कोपऱ्यातले वेस्टर्न मात्र लोक भाड्याने न नेता विकत मागत होते.

मागणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. लहानपणी शनिवारी दुपारी दहा-बारा सेंट देऊन थिएटरात बसलेले, किंवा थोडे धाकटे असतील तर टीव्हीवर पाहिलेले. नव्या टीव्ही स्टेशनांना वेळ भरायला काहीतरी हवं होतं, आणि हे सिनेमे स्वस्तात मिळत होते. विल्यम बॉइडने 'हॉपलाँग कॅसिडी' म्हणून १९३५ ते ४८ मध्ये सहासष्ट सिनेमे केले, मग जवळजवळ सगळं पणाला लावून त्यांचे हक्क विकत घेतले, आणि १९४९ पासून ते टीव्हीवर आले. अमेरिकेतली पोरं त्याच्यामागे वेडी झाली. आमची गिऱ्हाइकं म्हणजे ती पोरं.

सिनेमाचं नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांना आठवायचं. घोड्याचं नाव मात्र सगळ्यांना. "टार्झनचा एखादा आहे का?" म्हणजे केन मेनार्डचा घोडा. बक जोन्सचा सिल्व्हर, जीन ऑट्रीचा चॅम्पियन, रॉय रॉजर्सचा ट्रिगर, हॉपीचा टॉपर. किंवा नायकाचा जोडीदार : दाढीवाला गॅबी हेज, नाहीतर फझी सेंट जॉन. माझ्या पत्नीने मग कार्डांची पेटी केली. आधी नायक, मग घोडा, मग जोडीदार, आणि शेवटी, मी हट्टाने घातलेला रकाना, खडक. तोच खडक वेगवेगळ्या सिनेमांत वेगवेगळ्या राज्यांचा म्हणून येतो, आणि तो ओळखण्यात गिऱ्हाइकाला केवढा आनंद असतो, ते काउंटरवर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. ती पेटी आज कॉम्प्युटरवर आहे आणि आमच्या धंद्याचं खरं भांडवल तीच आहे.

विकायचे तर माल चांगला हवा. त्या काळी या सिनेमांच्या बाजारात दोन गोष्टींनी मला त्रास दिला. पहिली म्हणजे टेपचा वेग. व्हीएचएस कॅसेटवर एसपी, म्हणजे नेहमीच्या वेगाने भरलं तर चित्र ठीक येतं. ईपी, म्हणजे संथ वेगाला टेप एक तृतीयांश लागते, पण चित्र पांढुरकं आणि हलतं. स्वस्त कॅसेटवाले सर्रास ईपीवर भरायचे. आमचा सिनेमा तासाच्या आतला, साठ मिनिटांच्या टी-६० कॅसेटवर एसपीने अख्खा बसतो. टेपचा खर्च वाढला तरी आम्ही पहिल्या दिवसापासून एसपीच धरला. दुसरी गोष्ट संगीताची. लोन स्टारच्या सिनेमांना मुळात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. टापा, वारा, दार, गोळी, आणि मध्ये लांब शांतता. ऐंशीच्या दशकात त्यांतल्या अनेकांवर सिंथेसायझरचं संगीत चढवलं गेलं, पुढे काहींना रंगही फासले गेले. माझ्या मते हे सिनेमाचं नुकसान आहे. ती शांतताच तर प्रेक्षकाला त्या दरीत नेऊन उभी करते. आमच्या कॅसेटवर आम्ही छापायचो : 'मूळ ध्वनी, मूळ कृष्णधवल'. त्या एका ओळीसाठी ओहायो आणि टेक्ससहून मनिऑर्डरी यायच्या.

कायद्याबद्दल नेहमी विचारणा होते. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांचा असे आणि मुदतीअखेर नूतनीकरण करावं लागे. छोट्या कंपन्या तोवर बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या होत्या. कित्येक सिनेमांचं नूतनीकरण कुणी केलंच नाही, आणि ते सार्वजनिक झाले. १९६४ पासूनच्या कृतींना नूतनीकरण आपोआप लागू झालं, त्याआधीच्यांना नाही. म्हणून प्रत्येक सिनेमासाठी कॉपीराइट कचेरीच्या छापील नोंदवह्या वर्षावार तपासाव्या लागतात. सिनेमा मोकळा असला तरी तो ज्या कथेवर बेतलाय तिचा हक्क कधी शाबूत असतो. नोंद स्पष्ट नसेल तर आम्ही तो सिनेमा घेत नाही. जीन ऑट्रीने स्वतःचे सिनेमे स्वतः सांभाळले, त्यांना आम्ही हात लावत नाही. ते अधिकृत डिस्कवर उत्तम मिळतात.

सगळ्यात जास्त जीव मात्र रिळांत गुंतलाय. या सिनेमांच्या मूळ ३५ मिमी प्रती नायट्रेटच्या होत्या, झटकन पेट घेणाऱ्या. बऱ्याचशा सडल्या, जळल्या नाहीतर फेकल्या गेल्या. उरल्या त्या बहुतेक टीव्हीसाठी काढलेल्या १६ मिमी प्रती. अशी प्रत हाती येते ती कुणाच्या तरी गॅरेजमधल्या गंजक्या डब्यात. झाकण उघडताच आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ॲसिटेट, म्हणजे या १६ मिमी फिल्मचं प्लॅस्टिक, कुजायला लागलंय. तो डबा लगेच बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा. किती बिघडलंय ते पाहायला आत निळ्या कागदाची पट्टी टाकतो. ती हिरवी होत पिवळीकडे गेली की त्या रिळाचा नंबर पहिला. मग टेबलावर हाताने गुंडाळत, बोटांच्या चिमटीतून फिल्मची कड सोडत जायचं. जोड कुठे सुटलाय, भोकं कुठे फाटलीत, ते बोटाला आधी कळतं. माझ्या पत्नीचा हात यात माझ्यापेक्षा हलका. जुनी फिल्म आकसलेली असते, दातेरी चाकांवर घातली तर फाटते, म्हणून आमचा स्कॅनर बिनदात्यांचा आहे. तो घ्यायला घर गहाण टाकलं होतं.

पाहताना पहिली शंका लांबीची. टीव्हीच्या तासात जाहिराती बसाव्यात म्हणून रिपब्लिकने ऑट्री आणि रॉजर्सचे सिनेमे चोपन्न मिनिटांच्या आसपास कापले होते, आणि कात्री बहुधा गाण्यांवर किंवा विनोदी जोडीदारावर चालायची. एका पुरवठादाराने आम्हाला वर्षानुवर्षं 'संपूर्ण' म्हणून अशाच कापलेल्या प्रती दिल्या. तेव्हापासून आम्ही त्या काळच्या व्यापारी मासिकांत छापलेली लांबी पाहतो आणि मिनिटं जुळली तरच 'पूर्ण' लिहितो. नाही जुळली तर किती मिनिटं कमी आहेत ते डिस्कवर छापतो. आवाजातली खरखर आम्ही थोडीच काढतो. सगळी काढायला गेलं की टापा कापसात गुंडाळल्यासारख्या होतात.

डीव्हीडी आली तेव्हा धंदा आधी वाढला आणि मग एकदम कोसळला. पन्नास सिनेमे एका खोक्यात, दोघांच्या जेवणाच्या पैशांत, असे संच सुपरमार्केटात आले. प्रती अंधुक, डिस्क दोन्ही बाजूंनी भरलेल्या. आमचा एक सिनेमा त्यांच्या दहा सिनेमांच्या भावाचा. त्या दोन-तीन वर्षांत दागिने बँकेत गेले, हे लिहायला मला संकोच नाही. पण मग पत्रं यायला लागली : खोका घेतला, त्यातला अमुक सिनेमा आवडला, तुमच्याकडे धड दिसेल असा आहे का? त्या खोक्यांनी आमच्यासाठी नवं गिऱ्हाईक तयार केलं. आज निम्मी मागणी तिशी-पस्तिशीच्या लोकांची आहे. त्यांच्या लहानपणाशी या सिनेमांचा काही संबंध नाही. एका तरुण स्टंटवाल्या मुलीने सांगितलं की ती एकेक पडणं थांबवून थांबवून पाहते.

एका सिनेमाबद्दल लिहायलाच हवं. १९३७ ते ३९ मध्ये हर्ब जेफ्रीज या कृष्णवर्णीय गायकाने नायक म्हणून गाणाऱ्या काऊबॉयचे काही सिनेमे केले. दक्षिणेत काळ्या मुलांना वेगळ्या थिएटरात बसावं लागायचं. तिथे पडद्यावर त्यांच्यासारखा दिसणारा, पांढऱ्या टोपीतला नायक आला. त्यांतला 'द ब्राँझ बकरू' ॲपल व्हॅलीतल्या मरे दांपत्याच्या रँचवर चित्रित झाला. ते रँचही कृष्णवर्णीय कुटुंबाचंच. जेफ्रीज पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गायले आणि २०१४ पर्यंत जगले. या सिनेमाची आमची डिस्क खर्च भरून काढत नाही, पण ती आमच्या यादीतून कधीही निघणार नाही.

सध्या स्कॅनरवर पीआरसीचा एक सिनेमा आहे, दिग्दर्शक सॅम न्यूफील्ड. हा माणूस इतके सिनेमे काढायचा की कंपनी त्याची दोन टोपणनावंही वापरायची, एकच नाव सारखं दिसू नये म्हणून. दोन प्रती मिळाल्यात. एकीची सुरुवात चांगली आहे, दुसरीचा शेवट. मधला एक पाठलाग दोन्हींत तुटलेला, पण वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे तो जुळेल.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी वेनच्या १९३४ च्या एखाद्या सिनेमापासून सुरुवात करावी, संगीत न चढवलेली प्रत शोधून. मग लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समधला एखादा हॉपलाँग. या बाजूला आलात तर दुकानात जरूर या, खडक दाखवायला मी स्वतः बरोबर येईन. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत या, नंतर दगड तापतात. आणि पायात बूट हवेत, तिथे रॅटलस्नेक असतात.